ॲम्लोडिपिन, सुजलेले पाय आणि तिसऱ्या दिवशीचं बीपी

नमस्कार. वडिलांचे पाय सुजले म्हणून तुम्ही ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी बंद केली, तिसऱ्या दिवशी बीपी १३०/८० आलं. तरी ‘मनाने गोळी बंद करू नका’ असं लिहून मी औषध कंपन्यांची तळी उचलतो, असं तुमचं म्हणणं. सूज गोळीचीच असू शकते, हे मान्य. पण त्या १३०/८० वर विसंबू नका.

ही गोळी अंगातून फार सावकाश जाते. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात, उतारवयात त्याहून जास्त. म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या आकड्यात आधीच्या गोळ्यांचं काम होतंच. बीपी पुढच्या आठवड्यात चढतं, आणि तोवर घरचे निर्धास्त होऊन मोजायचं सोडून देतात. नाशिकला सिडकोत माझं मेडिकल आहे. ‘बंद केली, काही झालं नाही’ हे काउंटरवर नेहमी ऐकतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. वाढलेलं बीपी दुखत नाही हो!

आता सूज. ही गोळी बारीक रोहिण्या सैल करते, शिरा मात्र तशाच राहतात. मग केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ दिसतो, बोट दाबलं की खड्डा पडतो. यात किडनी बिघडलेली नसते, आणि लघवीच्या गोळीनेही ही सूज फारशी उतरत नाही. डॉक्टर डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणतात, टेल्मिसार्टन हे बीपीचं दुसरं औषध जोडतात किंवा औषधच बदलतात. सूज एकाच पायाला आणि दुखरी असेल, किंवा आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

पट्टीवरचं नावही नीट वाचा. एस-ॲम्लोडिपिन २.५ म्हणजे साध्या ॲम्लोडिपिन ५ इतकंच औषध. ‘अडीचचीच आहे’ म्हणून दोन घेतल्या की डोस दुप्पट.

उद्या सकाळी चहाआधी बाबांना पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवा, हात छातीच्या पातळीवर ठेवून दोनदा बीपी मोजा. ते आकडे, पायाचा फोटो आणि जुनी पट्टी घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. बीपी १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखत असेल किंवा बोलताना जीभ अडखळत असेल, तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.