लिसन, सायलेंट आणि आपलं अमळनेर : पारोळ्याच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोन ओळीत उत्तर देऊन सुटावं अशी नाहीये, म्हणून जरा ऐसपैस लिहितोय, कंटाळा आला तर चहा घेऊन या.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की इंग्रजीतल्या लिसन आणि सायलेंट या दोन शब्दांत तीच सहा अक्षरं आहेत हा निव्वळ योगायोग आहे, त्यात शिकवण बिकवण काही नाही. यावर दादांचं म्हणणं असं की ऐकायचं तर गप्प बसावं लागतं हा अर्थ भाषा बनवणाऱ्यांनी मुद्दाम पेरलेला आहे, शाळेच्या कार्यक्रमात हे सांगितलं की पोरं टाळ्या वाजवतात, तुम्ही मात्र त्यातली हवाच काढून घेता. अशा जोड्या दाखवल्या की पोरांचं स्पेलिंग अजून बिघडतं असंही ते म्हणतात. आणि शेवटी अहिराणीत टोला, "नहीतर हाई समदं टाइमपास शे, मराठीमा काय दुष्काळ पडना का?"

टोला आवडला. मराठीचं शेवटी बोलू.

आता बघा, एल, आय, एस, टी, ई, एन, या सहा अक्षरांतून लिसन आणि सायलेंट होतं हे खरं, पण त्याच सहांतून एन्लिस्ट होतं म्हणजे भरती करणे, टिन्सेल होतं म्हणजे सजावटीची चमचम पट्टी, आणि इनलेट्स पण होतं म्हणजे खाड्या. मग पेरणाऱ्याने हे पण पेरलंच असणार ना? गप्प बसा, ऐका, भरती व्हा, चमचम पट्टी लावा आणि खाडीकडे निघा, असा संदेश कोणी वक्ता देत नाही. जी जोडी जमली ती स्टेजवर येते, बाकीच्या घरी राहतात. स्टॉप, पॉट्स, स्पॉट, पोस्ट, टॉप्स या सगळ्यांत तीच चार अक्षरं आहेत आणि एकमेकांशी संबंध काही म्हणता काही नाही, म्हणून ते फॉरवर्ड होत नाहीत.

जमलेल्या जोड्या भारी असतात हे मी नाकारतच नाही. डॉर्मिटरीची अक्षरं फिरवली की डर्टी रूम होते, हॉस्टेलला राहिलेल्याला जास्त सांगायला नको. ॲस्ट्रॉनॉमरमधून मून स्टेअरर निघतो, म्हणजे चंद्राकडे टक लावून बघणारा. आणि माझी सगळ्यात लाडकी जोडी, इलेव्हन प्लस टू आणि ट्वेल्व्ह प्लस वन, अक्षरं तीच, बेरीज दोन्हीकडे 13, आणि अक्षरं मोजली तर ती पण 13! मजा घालवतो म्हणता, अहो मी तर हे कागदावर मांडत बसतो.

आता आपल्याकडे या. अमळनेरचं इंग्रजी स्पेलिंग घ्या, ए एम ए एल एन ई आर, आणि फिरवा. रिअल मॅन. खरंच, करून बघा. माझी सासुरवाडी तिकडचीच असल्याने ही बातमी घरात सांगायची की नाही यावर अजून विचार चालू आहे. एरंडोल फिरवलं तर लिओनार्ड होतं, एक अक्षर शिल्लक राहत नाही. यावलला मागे एक एस जोडला तर ऑलवेज. आणि तुमचं पारोळा, दादा, त्यातून निघतं ए पोलर. ध्रुवावरचा! मे महिन्यात दुपारी बारा वाजता पारोळ्याच्या स्टँडवर उभं राहून हे कोणी म्हणून दाखवावं. म्हणजे अमळनेरचा रिअल मॅन खरा मानायचा असेल तर पारोळ्यात बर्फ पण मानावा लागेल, एक घेऊन दुसरं सोडता येत नाही. शिवाय ही स्पेलिंगं तरी कुठे पक्की आहेत, धुळ्याचं इंग्रजांच्या काळात डी एच यू एल आय ए असं लिहायचे, तेव्हा धुळ्याचा गूढ अर्थ वेगळा होता का?

हे इतकं जमतं कसं, तर इंग्रजीत अक्षरं 26, आणि त्यातही ई, टी, ए, ओ, आय, एन, एस, आर हीच मंडळी जिकडे तिकडे. एरंडोलच्या सात वेगवेगळ्या अक्षरांच्या 5040 मांडण्या होतात, अमळनेरमध्ये ए दोनदा आहे म्हणून 2520. एवढ्यात एखादी अर्थाची निघाली तर नवल कसलं.

टाइमपासबद्दल मात्र मी अडून बसणार. 1610 साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शनी विचित्र दिसला, पण खात्री करायला वेळ हवा होता आणि तोवर दुसऱ्या कोणी श्रेय घेऊ नये, म्हणून त्याने लॅटिन वाक्याची 37 अक्षरं विस्कटून पाठवून दिली. वाक्य असं होतं की सगळ्यात उंचावरचा ग्रह, म्हणजे शनी, मी तिहेरी पाहिला. त्याच काळातला मोठा खगोलशास्त्रज्ञ केप्लर, त्याने ती अक्षरं ओढूनताणून लावली आणि अर्थ काढला की मंगळाला दोन चंद्र आहेत. साफ चुकलं. गंमत म्हणजे मंगळाला खरंच दोन चंद्र निघाले, पण ते सापडले 1877 मध्ये, आणि त्या अक्षरांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता! अक्षरांत आपल्याला हवं ते दिसतं याचा यापेक्षा मोठा पुरावा मी कुठून आणू, केप्लरसारखा माणूस फसला तिथे आपल्या शाळेच्या स्टेजचं काय. पुढे शनीभोवती कडं आहे हे हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने आधी असंच अक्षरांत लपवलं आणि 1659 मध्ये उघड केलं. आणि अकरावीत स्प्रिंगला वजन टांगून जो हूकचा नियम शिकलो तो हूकने 1676 मध्ये फक्त 14 अक्षरं छापून जाहीर केला होता, उत्तर दिलं दोन वर्षांनी. जेवढा ताण तेवढा जोर, एवढंच ते वाक्य. संशोधन नोंदवायची आजच्यासारखी सोय तेव्हा नीट बसलेली नव्हती, मग लोक हा उद्योग करायचे.

पोरांचं स्पेलिंग बिघडतं या मुद्द्यावर माझं मत नेमकं उलट आहे. सेमीच्या पोरांच्या वह्या बघा, फॉर्मच्या जागी फ्रॉम, क्वाएटच्या जागी क्वाइट, एंजलच्या जागी अँगल. यात अक्षर चुकत नाही, जागा चुकते, आणि कॉम्प्युटरचा स्पेलचेक पण साधारणपणे पकडत नाही कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात. आमच्याकडे एका दूध डेअरीच्या बोर्डावर बरीच वर्षं इंग्रजीत डायरी लिहिलेलं होतं, आय आणि ए ची अदलाबदल, दूध चांगलं होतं म्हणून कोणी बोललं नाही. अशा जोड्या मुद्दाम शेजारी शेजारी लिहून दाखवल्या तर पोरगं अक्षरांच्या क्रमाकडे बघायला लागतं. पाठ करून ते होत नाही.

आता मराठीचा दुष्काळ. दुष्काळ नाही, पण पाऊस कमी आहे हे खरं, आणि त्याला कारण आपली लिपी. इंग्रजीत स्वर सुटा फिरतो, आपल्याकडे काना मात्रा वेलांटी अक्षराला चिकटलेली, त्यामुळे क, का, की, कू हे सगळे वेगळे मोहरे झाले आणि तेच मोहरे दुसऱ्या शब्दात सापडणं अवघड. अमळनेर देवनागरीत फिरवून बघा, काही हाती लागत नाही. तरी निघतात. गरम आणि मगर. दगड आणि गडद. कमल आणि कलम. जगात आणि गाजत. आणि नोकरदारांसाठी खास, कपात आणि पातक, पगाराच्या बाबतीत तर ही जोडी मला योगायोग वाटतच नाही, पण तो माझा वैयक्तिक प्रश्न.

मी इथे काना मात्रेसकट अक्षर एक धरलंय. मात्रा सुटी करून फिरवायची परवानगी दिली तर नदी आणि दिन यांच्यासारखं ऱ्हस्व दीर्घाचं भांडण लगेच सुरू होतं, आणि जोडाक्षर फोडायचं की नाही हा वेगळाच तंटा. तुम्हाला सुट्या मात्रांचा नियम बरा वाटत असेल तर तसं लिहा आणि त्या नियमाने जमलेल्या पाच-सहा जोड्या पण टाका. अहिराणीतल्या असतील तर आधी त्या, कारण शे, ना, मा असले छोटे छोटे शब्द अहिराणीत भरपूर आहेत आणि तिथे हा खेळ प्रमाण मराठीपेक्षा जास्त चालेल असा माझा अंदाज आहे.