सँडी कोफॅक्स 'संपला' म्हणून थांबला नव्हता

'लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) सँडी कोफॅक्स याची गोलंदाजी उतरली, म्हणून तो तिशीतच निवृत्त झाला. हिंमत केली असती तर कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया करून पुन्हा उभा राहिला असता,' असं सांगितलं जातंय. यातलं वयच तेवढं खरं आहे.

1966 हा त्याचा शेवटचा हंगाम. त्यात त्याने 27 सामने जिंकले, 323 इनिंग (तीन फलंदाज बाद झाले की एक इनिंग) टाकल्या, 317 फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तिसऱ्यांदा मिळवला. याला उतरती कळा कसं म्हणायचं?

खरं दुखणं डाव्या कोपराचं होतं. 1964 मध्ये डॉक्टरांनी तिथे संधिवात असल्याचं निदान केलं. त्यानंतरची दोन वर्षं तो वेदनाशामक औषधं घेऊन, अंगाला झोंबणारं मलम चोळून मैदानात उतरायचा आणि सामना संपला की कोपर बर्फाच्या पाण्यात बुडवून बसायचा. हात सरळ होईना, म्हणून कोटाची डावी बाही आखूड करून घ्यावी लागली होती! अशा माणसाला हिंमत नव्हती असं म्हणणं मला फार लागतं. हात कायमचा निकामी होण्याची भीती होती, म्हणून 18 नोव्हेंबर 1966 ला त्याने निवृत्ती जाहीर केली.

आणि ती शस्त्रक्रिया? डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा टॉमी जॉन या पिचरवर केली 1974 मध्ये, म्हणजे कोफॅक्स थांबल्यानंतर आठ वर्षांनी. शिवाय ती कोपराच्या फाटलेल्या लिगामेंटसाठी (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यासाठी) असते. संधिवाताने झिजलेला सांधा तिने बरा होत नाही.