बोली कितीवर थांबवायची?

परवा दुकानात दोन कार्यकर्ते येऊन बसले. पक्ष सांगत नाही. दोघंही घरच्यासारखे, आणि दोघांचीही नावं माझ्या उधारीच्या वहीत आहेत. चहा झाल्यावर धाकटा म्हणाला, "काका, आता सरळ बहिणींना महिन्याला पाच हजार जाहीर करून टाकायचे. लोकांना पैसे पाहिजेत. नसता आपुन निवडून येत नाही." थोरला नुसता मान हलवत होता. तेवढ्यात बियाण्याला गिऱ्हाईक आलं आणि बोलणं अर्धवट राहिलं. उरलेलं इथं लिहितो.

आधी एक सांगतो. लोकांना काही दिलं की लगेच 'रेवडी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. (वेतन आयोगाचा फरक खात्यावर पडला की तो मात्र हक्क.) ऑगस्ट 2024 मध्ये राखीच्या तोंडावर लाडक्या बहिणीचे दोन महिन्यांचे 3 हजार एकदम आले. त्याच आठवड्यात शेजारच्या गावची एक मावशी दुकानात आली आणि नवऱ्याच्या नावची तुरीच्या बियाण्याची उधारी स्वतःच्या हातानं खोडून गेली. वीस वर्षांच्या दुकानदारीत तिला पहिल्यांदा काउंटरपाशी पैसे मोजताना पाहिलं. तिला फुकटी म्हणायची माझी तरी जीभ वळत नाही.

पण धाकट्याचं गणित चुकतं ते पुढं. लोकसभेला 2024 मध्ये मराठवाड्यातल्या 8 पैकी 7 जागा महाविकास आघाडीनं घेतल्या होत्या. सहा महिने झाले नाहीत तोवर विधानसभेला आमच्या लातूर जिल्ह्यातल्या 6 पैकी 5 महायुतीकडं. सगळं पंधराशेनंच फिरलं असं मी म्हणत नाही; जात, पैसा, फुटलेले पक्ष, सगळंच होतं. तरी विरोधकांनी काय केलं ते आठवा. आधी म्हणाले तिजोरीत खडखडाट आहे, पैसे आणणार कुठून? आणि निवडणुकीच्या तोंडावर सत्तेतल्यांनी 2100 म्हटल्याबरोबर स्वतःच 3 हजारांची बोली लावली. सोयाबीनलाही तसंच. क्विंटलला हमीभाव तेव्हा 4892, बाजारात चार हजारांच्या आसपास, आणि सभांमधून एकजण 6 हजार म्हणत होता, दुसरा 7 हजार.

आमचा जन्म मोंढ्यात गेला. सौद्यात मोठ्यानं ओरडणाऱ्याला माल मिळत नसतो, रोख टाकणाऱ्याला मिळतो. तीच मावशी दिवाळीनंतर म्हणाली, "भाऊ, ते तीन हजारवाले देतील तवा देतील. हे पंधराशे तर पडायलेत की." ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली नाही त्यानं किल्लीवाल्याशी बोली लावू नये, एवढी साधी गोष्ट त्यांच्या एकाही सल्लागाराला कळली नाही.

मग लोकांच्या मागणीला हातच लावायचा नाही का? तसं नाही.

माझी आई 1972 च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीची चव तिला शेवटपर्यंत आठवायची. नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. तेव्हा गावोगाव मोर्चे निघाले, 'काम द्या' म्हणून. लाल बावटेवाले त्यात पुढं होते. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. आजच्या भाषेत तीही लोकानुनयाचीच म्हणायची. सरकारनं हाताला काम द्यायचं, मागेल त्याला द्यायचं. पण तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावला. नोकरदार मित्रांनो, पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात ना, ते तिथून आलेत. शहरातल्या पगारदाराला तोंडावर सांगितलं की खेड्यातल्या मजुराचं काम तुझ्या खिशातून चालणार आहे. आज एखादा नेता हे बोलून दाखवेल? बिल कुणाच्या नावावर फाडायचं तेच कुणी सांगत नाही, म्हणून मग घोषणा टिकत नाही. 2004 ची शेतीपंपांची शून्य बिलं आठवतात का? निवडणुकीच्या तोंडावर वीज माफ, सत्ता आली, आणि 2005 मध्ये परवडत नाही म्हणून बंद.

आणखी एक लोकानुनय आहे, त्याला पैसाही लागत नाही. मराठ्यांच्या गावात गेलं की मराठ्यांना हो, ओबीसींच्या वाडीवर गेलं की त्यांनाही हो. इथं मात्र मी कार्यकर्त्यांना हात जोडतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव 1978 ला झाला, आणि मराठवाड्यातली दलितांची घरं जळाली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. सोळा वर्षं कोण कुणाच्या मतांचा हिशेब करत होतं हे आमच्या पिढीनं पाहिलंय.

काल दोघं परत आले. "मग आम्ही बोलायचं काय?" असं थोरल्यानं विचारलं. म्हटलं, सोयाबीनचं खरेदी केंद्र घे. नोंदणीला रांग, बारदाना, म्हणजे माल भरायची रिकामी पोती, संपलेला, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की ट्रॅक्टर परत. 2024 मध्ये हीच अट 15 टक्के केली, पण कधी? मतदान पाच दिवसांवर आलं तेव्हा. तोवर गरजवंतानं माल व्यापाऱ्याच्या काट्यावर घातलेला. केंद्र वेळेत उघडा, बारदाना मोजून दाखवा, नाहीतर आम्ही तिथंच बसतो, असं म्हणा. त्याला तिजोरीची किल्ली लागत नाही. हा लोकप्रिय मुद्दा नाही तर काय आहे? सभेला माणसं भाड्यानं आणावी लागणार नाहीत.

धाकटा बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "पण काका, बारदान्याचं बॅनर कसं करायचं?"

थोरला हसला. जाताना दोन पोती युरिया गाडीवर टाकला आणि म्हणाला, "वहीत लिहा."