पोरगी गुटगुटीत दिसते म्हणजे घरात रेलचेल आहे, असं कोणी सांगितलं?

आज दुपारी जेवताना एक वाक्य कानावर पडलं आणि तेव्हापासून डोकं तापलंय. आमच्या ऑफिसात साफसफाईला एक ताई आहेत. शाळेला सुट्टी म्हणून त्यांची नऊ वर्षांची मुलगी आज बरोबर आली होती. पाणी प्यायला आत आली, पिऊन वळली, आणि आमच्यातली एक म्हणाली, "सारखी पैशांची रड असते हिची, मग पोरगी एवढी गुटगुटीत कशी?" दोघंतिघं हसलेसुद्धा. मी तिथल्या तिथे सुनावलं, पण तेवढ्यानं समाधान झालं नाही, म्हणून इथे लिहितेय.

अरे, पोट भरणं आणि अंगी लागणं यात काही फरक आहे की नाही? सगळ्यात कमी पैशांत पोट कशानं भरतं? साखर, तेल, मैदा. फळं-भाज्या महाग, त्या लवकर सडतात आणि रांधायला घरात माणूस लागतं. वजन जास्त आणि अंगात रक्त कमी, असं एकाच मुलाचं असू शकतं. हे डॉक्टरांना विचारा, मी मनचं सांगत नाहीये.

या ताई पहाटे घर सोडतात. सकाळची ड्युटी आमच्याकडे, संध्याकाळची दुसरीकडे. मुलगी शाळेतून येते, कुलूप काढते, आत जाते आणि कडी लावते. आई येईपर्यंत दार उघडायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही. मग ती खाणार काय? पाकीट. ते नासत नाही, शिजवावं लागत नाही आणि पोरगी कुरकुर न करता खाते. खेळायला खाली जाऊ दे म्हणाल, तर खाली गाड्या आणि ज्यांच्यावर आईचा भरवसा नाही अशी माणसं. राहिला टीव्ही. यात आळस कुणाचा, तेवढं सांगा मला.

ताईंनीच एकदा सांगितलं होतं, पगार झाल्यावर हौसेनं फळं आणली, पोरीनं एक घास घेऊन तोंड वाकडं केलं. माझा मुलगाही हेच करतो. मी उद्या पुन्हा पुढ्यात ठेवते, परवा पुन्हा. नवी चव मुलांच्या जिभेवर बसायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे आणि तोवर जे वाया जाईल ते मला परवडतं. ताईंना नाही परवडत. म्हणून त्या तेच आणतात जे नक्की खाल्लं जाईल. इतका चोख हिशेब आपल्यापैकी कितीजणी करतात?

बरं, श्रीमंतांची मुलंही जाड असतात. मान्य. अंगकाठी आईबापांकडून येते, तेही मान्य. गरीब देशांमध्ये लठ्ठपणा आधी पैसेवाल्या घरांतच दिसतो, हेही खरं आहे. पण देशात पैसा आला, पाकिटं गल्लोगल्ली पोचली की तो गरीब घरांकडे सरकत जातो. इंग्लंडमध्ये शाळेतल्या मुलांची वजन-उंची दरवर्षी मोजतात. तिथल्या सगळ्यात वंचित भागांत लठ्ठ मुलांचं प्रमाण सुखवस्तू भागांच्या दुपटीहून जास्त निघतं. आणि युनिसेफनं २०२५ मध्ये सांगितलं की जगात ५ ते १९ वर्षांच्या मुलांमध्ये कमी वजनाच्यांपेक्षा लठ्ठ मुलं जास्त झालीत. एवढ्या सगळ्या आया एकदम निष्काळजी झाल्या का?

शाळेत तपासणी झाली तेव्हा त्या मुलीच्या कार्डावर लाल शाईनं लिहून आलं, "वजन जास्त. आहाराकडे लक्ष द्या." बास. घड्या पडून पडून मऊ झालेलं ते कार्ड ताईंनी पर्समधून काढून मला दाखवलं. म्हणाल्या, "मॅडम, लक्ष द्यायचं म्हणजे नक्की काय करू? सकाळची ड्युटी सोडू का संध्याकाळची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि बघा, कार्डावर नाव वडिलांचं, पण बोलावून ऐकवलं आईला. त्या बापाला कुणी विचारलं का, की बाबा रे, तू कुठे असतोस संध्याकाळी?

आणि कार्टूनच्या मध्ये जाहिराती दाखवणारे सगळे मोकळे! कडी लावून एकट्या बसलेल्या पोरीला गोड काहीतरी विकायला ते तासन्‌तास हजर. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशानं २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के छापायला लावले, त्यांच्यावरची कार्टून काढायला लावली आणि शाळांमधून हा माल हद्दपार केला. सरकारनं मनावर घेतलं की होतं.

माझी ती मैत्रीण हे वाचेल. अगं, तू वाईट नाहीस, अडीअडचणीला त्याच ताईंना पैसे देणारी तूच आहेस, मला माहीत आहे. पण पोरगी तेव्हा दारातच होती गं. तिनं ऐकलं असणार. आधीच शाळेत तिला काय काय ऐकावं लागत असेल.

मुलांची वजनं करायची तर खुशाल करा, पण मग पुढचंही करा. शाळा सुटल्यावर दोन तास मैदान उघडं ठेवा, लक्ष ठेवायला एक मोठं माणूस ठेवा आणि त्या वेळात पोटाला काहीतरी ताजं, शिजवलेलं द्या. ज्यांच्या घरी संध्याकाळी कुणी नसतं, त्या मुलांची नावं आधी घ्या. माझ्या मुलाच्या शाळेत मी याच आठवड्यात असा अर्ज देतेय. आपापल्या शाळेत द्यायचा असेल तर मेसेज करा, मसुदा पाठवते.