पोर्ट मोठं करण्याआधी सीटकडे बघा

भाऊ, तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही तसंच देतोय. तुमचं म्हणणं असं, की मारुती एस्टीमच्या इंजिनच्या हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) इनटेक पोर्ट, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटा, मोठे करून आरशासारखे चमकवले आणि हेडची खालची बाजू १ मिमी घासली, की ताकद वाढतेच. लोकांना यापासून अडवणं हा भित्रेपणा आहे. हे मला पटत नाही.

हवा अडते ती बहुतेक व्हॉल्व्हच्या सीटपाशी, म्हणजे बंद व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यापाशी. डाय ग्राइंडर (हातात धरायचं घासायचं यंत्र) सगळ्यात आधी तिथे लागला पाहिजे, सीटच्या खालच्या १०-१२ मिमीत. सीटला तीन कोन द्या: मुख्य ४५ अंश, चेंबरकडे (पेट्रोल जळतं त्या पोकळीकडे) ३०, पोर्टकडे ६०. टेकणारी पट्टी इनटेकला १ ते १.२ मिमी, एक्झॉस्टला दीडेक मिमी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरते. पट्टी फार बारीक केली तर व्हॉल्व्ह जळतो. सीटला निळा रंग लावून व्हॉल्व्ह टेकवून तपासा, उमटलेला गोल कुठेही तुटता कामा नये.

पोर्टचा तळ जिथे सीटकडे वळतो, तिथे हात आवरा. तो बाक सपाट झाला की हवा भिंत सोडते आणि वाढलेल्या मापाचा उपयोग राहत नाही. शिवाय खाली पाण्याची वाट आहे. भोक पडलं तर आर्गन वेल्डिंगशिवाय इलाज नाही. बेसुमार मोठ्या पोर्टमध्ये हवेचा वेग पडतो. म्हणजे नागपुरात बर्डीच्या सिग्नलवरून निघताना गाडी मरगळणार, आणि ताकद मिळाली तरी रोज न लागणाऱ्या आरपीएमला.

आरसा इनटेकमध्ये नकोच. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब चिकटून ओघळतात. ६०-८० नंबरच्या पॉलिश पेपरची खरबड ठेवा. एक्झॉस्ट चमकवा खुशाल, कार्बन कमी धरतो.

आता हेड घासणं. बोअर ७४ मिमी, म्हणजे १ मिमीत चेंबरचे जास्तीत जास्त ४.३ सीसी जातात. मूळ कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं) ९ धरलं तर ते १० च्या जवळ पोचतं. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, साध्या पेट्रोलवर आणि चढावर हेच नॉकिंगला (पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकण्याला) आमंत्रण आहे. शिवाय व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाली आल्याने व्हॉल्व्ह उघडण्याचं टायमिंग क्रँकवर दोनेक अंश मागे पडतं. ते जुळवून घेणारी ॲडजस्टेबल कॅम पुली नसेल तर मिळवलेलं इथेच घालवाल.

शंकूच्या आकाराच्या उघड्या एअर फिल्टरचंही (कोन फिल्टर) तसंच. बॉनेटखालची हवा ६५ अंश आणि बाहेरची ४५ असेल, तर आत जाणाऱ्या हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी. त्यापेक्षा फिल्टरचा मूळ डबाच ठेवा आणि त्याचा पाइप बाहेरच्या हवेत न्या.

तुमचं हेड घासून झालंच असेल, तर जोडण्याआधी पिस्टनवर खेळण्यातली चिकणमाती लावा, गॅस्केटसह हेड बसवा, बेल्ट लावा आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. मग हेड काढून मातीची सर्वांत पातळ जागा मोजा, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर तेवढंच. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा कमी भरली, तर स्टार्टर मारू नका.