गडगा पाडा, निश्चिंत व्हा

तुमच्या वाडीला गडगा आहे? आजच पाडा. सुरक्षेसाठी सरकारची नजर असू द्या, लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली, असं सांगतातच ना? मग गडगा तरी हवा कशाला? न्हाणीची झापंही काढून टाका, वारा खेळता राहील. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण त्यांच्या बंगल्यांना पक्की कुंपणं असतात, त्यांना काय!

फोनचंही तसंच. व्हॉट्सॲपवरचा निरोप मधल्या मधे कुणाला वाचता येत नाही, ही आपल्या गावची रीतच नव्हे. मुंबईच्या चाकरमान्याचं पोस्टकार्ड आधी पोस्टमन वाचायचा, मग पाणंदीत भेटेल तो, आणि आईला सर्वांत शेवटी कुणीतरी वाचून दाखवायचं. केंद्र सरकारचे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम याच परंपरेतले. पन्नास लाखांवर वापरणारे असलेल्या कंपनीने, आदेश आला की, निरोप मुळात कुणी धाडला ते सांगायचं. तेव्हा तुम्ही पहिला निरोप कधीच धाडू नका. बंदरावर ताजी सुरमई आली तरी दुसरा कुणी कळवेपर्यंत थांबा. नासेल, पण सुरक्षित नासेल.

मत द्यायची खाज आलीच तर पालघर आठवा. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबई बंदवर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक. पुढे २०१५ साली अटकेमागचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलमच रद्द झालं म्हणे. होईना, गप्प बसायची सवय आपण का मोडावी?

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रं मिळाली. जाळी ओढून बोटांच्या रेघा झिजल्या असतील आणि यंत्र ओळख देत नसेल, तर दोष बोटांचा. यंत्राशी हुज्जत घालू नये.

एखादा नाठाळ विचारेल, १९९३ साली रायगडातल्या शेखाडीला मुंबईच्या बाँबस्फोटांचं आरडीएक्स उतरलं तेव्हा कुठे होता व्हॉट्सॲप? माल तर कस्टमच्या आणि पोलिसांतल्या काही जणांना पैसे चारून उतरवला, आणि ते पुढे कोर्टात दोषीही ठरले. अशा माणसाशी वाद घालू नका, चहा पाजून वाटेला लावा. रोकड या खिशातून त्या खिशात गेली, तिथे सॉफ्टवेअर काय करणार? ज्याच्यावर नजर ठेवणं सोपं, त्याच्यावरच ती ठेवावी. म्हणजे तुमच्यावर.

आणि निखळ सुरक्षितता कशी असते ते पाहायचं असेल, तर ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून वर आलं, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज गेली, फोन मुके झाले. कितीतरी दिवस एक अफवा नाही, एक भडकाऊ फॉरवर्ड नाही. आई जिवंत आहे का, हे मुंबईतल्या मुलाला कळत नव्हतं, पण त्याचा निरोप चोरून वाचायचीही कुणाची टाप नव्हती.