रक्तपिपासूचा आवाज

पार्श्वसंगीत आणि किंकाळ्यांशिवाय श्राव्य भयकथा रंगत नाही, हे श्राव्य भयकथांवरील एका लेखात वाचलेले मत मला पटले नाही. यावल तालुक्यातील आमच्या केळीच्या बागेला रात्रीची वीज असते, तेव्हा मी एका कानात इअरफोन घालून व्हॅम्पायरच्या, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चाच्या, कथा ऐकतो. मोटारीची घरघर थांबलेली असताना निवेदक हलक्या आवाजात 'आत येऊ का?' एवढेच विचारतो, तेव्हा वाऱ्याने फाटलेल्या केळीच्या पानांची सळसळसुद्धा अंगावर काटा आणते. बोलावल्याशिवाय उंबरठा न ओलांडणारा हा रक्तपिपासू आवाजातच अधिक जिवंत होतो, कारण त्याचा चेहरा ऐकणाऱ्याला स्वतःच घडवावा लागतो. मुळात १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतच डॉक्टर सेवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफवर, म्हणजे आवाज मुद्रित करणाऱ्या जुन्या यंत्रावर, बोलून ठेवतो, आणि अमेरिकी अभिनेते-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी ११ जुलै १९३८ रोजी आपल्या नभोनाट्यमालेचा आरंभ याच कादंबरीने केला होता. मराठी निर्मात्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, हे पात्र परदेशी किल्ल्यातच न ठेवता तापीकाठच्या एखाद्या ओसाड गढीत आणावे आणि तिथल्या म्हातारीला अहिराणीतच बोलू द्यावे. कथा मी पहिल्याच रात्री ऐकेन.